आधी आभार, मग काम

कार्यक्रमाच्या शेवटी कोणी आभार मानायला उभं राहिलं की मराठी माणूस खुर्चीखाली चपला शोधू लागतो. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळात उलटा प्रकार होता. आभारकाका माइकजवळ गेले की बाहेर गप्पा मारणारे लोक आत येऊन बसत आणि मंचावरचे प्रमुख पाहुणे खिशातला रुमाल चाचपू लागत. कारण बाकीचे लोक झालेल्या कामाचे आभार मानतात. आभारकाका न झालेल्या कामाचे मानत.

काका चित्रकलेचे निवृत्त मास्तर. उंच, काटकुळे, थंडी असो की उन्हाळ्यातली लू, गळ्याशी बटण लावलेला पांढरा सदरा. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून दरबारी पुरोहित म्हणून आले होते. काकांपर्यंत येता येता त्या विद्येतलं संकल्प सोडणं तेवढं उरलं होतं, आणि तेही माइकवर. सराफ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आमच्या घराच्या अगदी समोर, त्यामुळे त्यांचं गिऱ्हाईक, साक्षीदार आणि टीकाकार अशा तिन्ही भूमिका माझ्याकडे आपोआप आल्या.

त्यांची विद्या मी पहिल्यांदा पाहिली ती गल्लीच्या दिव्यावरून. कोपऱ्यावरच्या खांबाचा दिवा पावसाळाभर बंद होता. बँकेतून सुटल्यावर मी दोनदा नगर निगमात जाऊन भांडून आले होते. भांडण उत्तम झालं, दिवा लागला नाही. मग गणेशोत्सवाच्या समारोपाला आमच्या वॉर्डाचे पार्षद आले. (महाराष्ट्रात यांना नगरसेवक म्हणतात. आमचे पार्षद सेवक हा शब्द स्वतःला लावून घेणाऱ्यातले नव्हते.) काका उठले आणि शुद्ध हिंदीत म्हणाले, "हमारी गली के नुक्कड़ की बत्ती इसी हफ़्ते ठीक करवा देने के लिए हम माननीय पार्षदजी के हृदय से आभारी हैं." टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या ऐकल्या की हात जोडायचे, ही पार्षदांची सवय. त्यांनी हात जोडले, मान लववली, खाली बसले, आणि मग शेजारच्या माणसाला विचारलं, "कौन सी बत्ती?" समोरचा माइक चालू होता, त्यामुळे हे सगळ्या सभागृहाने ऐकलं. त्या आठवड्यात दिवा लागला.

"मी इतकी भांडले तेव्हा नाही लागला," मी चिडून म्हटलं.

"तू मागायला गेली होतीस ना," काका म्हणाले. "मागितलं की माणूस मागे सरकतो, विजू. आभार मानले की पुढे येतो. आणि एकदा पुढे आला की त्याला मागे जाता येत नाही, मागे लोक बसलेले असतात."

आपण कधी कोणाकडे काही मागितलं नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. वाण्याच्या दुकानातसुद्धा ते "साखर द्या" म्हणत नसत. "तुमच्याकडची साखर बाकी छान असते," असं म्हणून उभे राहत. वाणी बिचारा पुडा बांधायला घेई.

या कामाला त्यांचे नियम होते. ज्याच्या हातात जे आहे त्याचेच आभार मानायचे. पाण्याबद्दल पार्षदाचे, रस्त्याबद्दल महापौरांचे, आणि बिजली जाते-येते त्याबद्दल कोणाचेच नाही, कारण बिजलीला लाज नसते असं त्यांचं मत. आभार ज्याचे त्याच्या भाषेत मानायचे. आणि आधी जागेवर जाऊन काम बघून यायचं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काका छत्री टेकत गल्लीबोळांतून हिंडताना दिसले की लोक आपापल्या दारातला खड्डा त्यांना दाखवत. स्थळाला मुलगी दाखवतात तितक्या आदबीने दाखवत. "काकाजी, हमारा वाला भी देख लीजिए." काका खड्ड्यात छत्री घालून खोली बघत आणि म्हणत, "याचे होऊन जातील."

मंडळाचा सचिव होण्याचा माझा मुळीच विचार नव्हता. वार्षिक सभेत मी मागच्या रांगेत चिवडा खात बसले होते. आभार मानता मानता काका म्हणाले, "आणि सचिवपदाची जबाबदारी आनंदाने स्वीकारल्याबद्दल आमच्या विजूताईंचे आभार." सगळे वळून टाळ्या वाजवू लागले. माझ्या तोंडात चिवडा होता, त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. तो चिवडा मी गिळला तोवर सभा संपली होती. सचिव मी आजही आहे.

आमच्या मंडळात दोन तट आहेत. एकाच्या पणजोबांनी दरबारासाठी लढाया मारल्या, दुसऱ्याच्या पणजोबांनी त्या लढायांचं वर्णन दरबारात लिहून घेतलं, आणि आता दोघांचे पणतू गणपतीच्या आरतीला पहिलं ताट कोणी धरायचं यावर भांडतात. एका वर्षी गोष्ट फारच हातघाईवर आली. तेव्हा काकांनी उद्घाटनालाच दोन्ही तटांचे आभार मानले. पहिलं ताट आपण होऊन दुसऱ्या पक्षाला देऊ केल्याबद्दल यांचे, आणि ते नम्रपणे नाकारून परत यांनाच देऊ केल्याबद्दल त्यांचे. आता मोठेपणात मागे कोण राहील? "तुम्ही धरा," "छे, आधी तुम्ही," असं सुरू झालं ते थांबेचना. दोन्हीकडचे पुढारी ताट एकमेकांपुढे ढकलत राहिले आणि निरांजनातलं तूप संपलं. शेवटी मी ताट उचललं आणि दोघांनाही दम भरून आरती सुरू केली. त्यानंतर पहिलं ताट सचिवाचं अशी प्रथाच पडली.

काकांचा डाव कधी उलटत नसे असं नाही. पार्षदाची निवडणूक आली तेव्हा दोन्ही उमेदवार मराठी मतांसाठी हात जोडत फिरत होते. गल्लीतली सांडपाण्याची नाली सडली होती. काकांनी हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात एका उमेदवाराचे नालीबद्दल आभार मानले आणि आठवड्याने, भजनाच्या कार्यक्रमात, दुसऱ्याचे. म्हटलं, एक नाही तर दुसरा करील. दोघांनीही केलं. एकाची माणसं सराफ्याच्या टोकाकडून खणत आली, दुसऱ्याची बाड्याच्या चौकाकडून. मध्ये आमच्या दाराशी दोन्ही नाल्या भेटायच्या, तर एक दुसरीपेक्षा चांगली हातभर वर. कोणीही आपली नाली खाली घ्यायला तयार नाही, कारण तो पराभव झाला असता. निवडणूक होऊन गेली, आणि आम्ही आपले हिवाळाभर फळीवरून घरात ये-जा करत होतो.

"ही माझीच चूक," काका फळीवर तोल सांभाळत म्हणाले. "दोघांचे एकाच मंचावर मानायला पाहिजे होते."

काकूंना ही सगळी थेरं वाटत. पण त्या गेल्या आणि त्यानंतर पहिल्यांदाच एका कार्यक्रमात काकांनी आभार थोडक्यात आटोपले. मुलगा, मुकुंदा, कॅनडात. मोठ्या नावाच्या शहरात नाही, ग्वाल्हेरसारख्याच एका मध्यम गावात. तो दर वर्षी येई आणि वडिलांना चला म्हणे. काकांना जायचं नव्हतं. हे मला माहीत होतं, गल्लीतल्या गाईला माहीत होतं, पण मुकुंदाला कोण सांगणार? काकांना मागता येत नसे तसंच नाही म्हणताही येत नसे. ते नुसतं "बघू" म्हणत. मुकुंदा माझ्याकडे येऊन बसे. "विजूताई, तुम्हीच बताओ, एकटे कसे राहतील? परवा दूध उतू गेलं ते ह्यांना संध्याकाळी कळलं. तिकडे मला टेन्शन होऊन जातं." त्याचंही खोटं नव्हतं.

त्या वर्षी गणेशोत्सवाच्या समारोपाला मुकुंदा गावात होता. परदेशात असलेल्या सभासदाने दोन शब्द बोलावेत म्हणून मीच त्याला मंचावर बोलावलं. तो बोलला, छान बोलला, लहानपणच्या आठवणी सांगितल्या. मग वडिलांकडे वळला आणि म्हणाला, "आणि शेवटी, कायमचं माझ्याकडे कॅनडाला यायचं कबूल केल्याबद्दल मी बाबांचे मनापासून आभार मानतो."

टाळ्या पडल्या. सभागृह उभं राहिलं. गुरूची विद्या गुरूला, असं कोणी तरी मागून ओरडलं आणि हशा पिकला. मी काकांकडे बघत होते. त्यांचे हात आपोआप जोडले गेले, मान लवली, आणि ते खाली बसले. अगदी दिव्याच्या वेळचे पार्षद. बसल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला हसू आलं नाही.

थंडीच्या तोंडावर काका निघाले तेव्हा गल्लीने त्यांना हार घातले, तिळाच्या गजकाचे डबे दिले. जाताना काकांनी सवारीच्या टेम्पोत बसून पार्षदांचे आभार मानले, अजून न बसलेल्या हातपंपाबद्दल. पार्षद नेमके शेजारच्या गल्लीत होते, पण माणसाने आपलं काम सोडू नये.

कॅनडाहून त्यांचा फोन सकाळी माझा चहा उकळत असताना येई. पहिला महिना खुशीत होते. "विजू, इथे तर कमाल आहे. नगरपालिकेच्या सभेत कोणीही नाव सांगून पाच मिनिटं बोलू शकतो. मंडळ नको, हार नको, सरळ माइक देतात!" मुकुंदाच्या घराजवळच्या बस-थांब्यावर बसायला बाक नव्हता आणि म्हातारी माणसं बर्फात उभी राहत. काकांनी कोटाच्या आत काकूंनी विणलेला स्वेटर घातला, सभेत गेले, आणि याच महिन्यात बाक बसवल्याबद्दल सर्व सभासदांचे इंग्रजीत आभार मानले.

"मग?"

"मग काय, अध्यक्षांनी माझे आभार मानले. एका बाईंनी मी आभार मानले त्याचे आभार मानले. एकाने वेळ काढून आलो त्याचे मानले. बाक नाही आला. मी दुसऱ्यांदा गेलो. त्यांनी परत मानले. इथे बसमधून उतरताना ड्रायव्हरचे सुद्धा आभार मानतात गं. कोणाला काही वाटतच नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, तसं झालं माझं."

मी खूप हसले. त्यानंतर फोनवर ते कमी कमी बोलू लागले. पुढचा पावसाळा आला तेव्हाच्या एका फोनला त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घराची चौकशी केली, ज्यांच्याशी त्यांचं पटत नसे त्यांचीसुद्धा. मग म्हणाले, "हजीऱ्याकडून येणारा तो भाजीवाला अजून तसाच बेसूर ओरडतो का?" ओरडतो म्हटलं. म्हणाले, "फोन जरा खिडकीत धर." भाजीवाला येऊन गेला होता. मी तरी फोन खिडकीत धरून उभी राहिले. ते ऐकत राहिले.

"काका, तुम्हाला तिथे बरं नाही वाटत आहे का?"

"नाही नाही. सगळे फार चांगले आहेत. मुकुंदा, सूनबाई, नातू. जेवताना मीठ सरकवलं तरी थँक्यू. दार उघडलं, थँक्यू. विजू, आपल्यात घरच्यांचे आभार मानतात का?"

"नाही मानत."

"तेच मी म्हणून राहिलो. त्या दिवशी मंचावर मुकुंदाने मला अडकवलं, त्याचं मला काही नाही. मी आयुष्यभर लोकांना अडकवलं. पण त्याने माझे आभार मानले गं. ज्याच्याकडून नाली खणून घ्यायची असते त्याचे आभार मानतात. मी काय त्याचा पार्षद आहे?"

मग काकाच म्हणाले, "तू त्याला सांग ना, की बाबांना परत यायचंय."

मला रागच आला. चहा उतू गेला होता, त्याचाही राग त्यात मिसळला. मी म्हटलं, "मी मुळीच नाही सांगणार. तुमचा मुलगा आहे. त्याच्याकडे तुम्ही मागा."

"मला मागता येत नाही, विजू."

"मग शिका!" म्हणून मी फोन ठेवला. ठेवल्यावर वाईट वाटलं, पण परत लावला नाही. लावला असता तर मी मुकुंदाला सांगायचं कबूल केलं असतं आणि मग काकांनी माझे आभार मानले असते.

त्यानंतर काही दिवसांनी मुकुंदाच्या बायकोने मला एक व्हिडिओ पाठवला. तिथल्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव. शाळेची व्यायामशाळा, बास्केटबॉलच्या जाळीखाली गणपती, आणि शनिवार, कारण तिथे गणपती सुट्टी बघून येतात. आभार मानायला काकांना उभं केलं होतं. ग्वाल्हेरची ख्याती तिथवर पोचली होती, त्यामुळे लोक आधीच हसऱ्या तोंडाने बसले होते.

काकांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "आभार मी नंतर मानतो," ते म्हणाले. "आधी एक मागणं आहे. मला सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या." लोक हसले. वर्गणीचं काही असेल असं वाटलं असावं. काका तिसऱ्या रांगेकडे बघत होते.

"मुकुंदा, तुझं घर चांगलं आहे. सूनबाई चांगली आहे. बर्फ पण चांगला आहे. पण मला माझ्या घरी जायचंय, बेटा. मला पोहोचव."

व्हिडिओ हलला, कारण तो घेणारी सूनच होती. मुकुंदा उभा राहिलेला दिसला, हातात मोदकाची ताटली.

"बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"आत्ता बोललो ना."

"मी कितीदा विचारलं. तुम्ही बघू म्हणायचे."

"मला भीती वाटायची. तू नाही म्हणालास तर?"

मुकुंदाने ताटली खुर्चीवर ठेवली, मंचापर्यंत आला आणि खालूनच म्हणाला, "पोहोचवतो, बाबा." त्याचा आवाज ऐकू आला नाही, ओठ दिसले. काकांनी मान हलवली, नाक पुसलं, माइक सरळ केला आणि कार्यक्रमानंतर खुर्च्या आपापल्या हाताने उचलून ठेवल्याबद्दल सर्व उपस्थितांचे आभार मानले. लोकांनी मुकाट्याने खुर्च्या उचलल्या.

मी तो व्हिडिओ बँकेत, जेवणाच्या सुट्टीत पाहिला आणि डबा तसाच परत घरी आणला.

त्यानंतर काका आमच्यात दोन हिवाळे होते. गेल्या उन्हाळ्यात गेले, झोपेत, कोणाला त्रास न देता. त्या काळात ते सरळ मागायला लागले होते. "विजू, चहा कर." "विजू, बस जरा, जाऊ नको." कधी कधी फारच मागत, मी चिडतही असे. वाणी मात्र घाबरला होता. काका दुकानात येऊन चक्क "साखर द्या" म्हणाले, तेव्हा त्याने मला फोन करून विचारलं, काकाजींची तबियत ठीक आहे ना?

पण मला सारखा आठवतो तो मुकुंदा त्यांना पोचवून परत निघाला तो दिवस. पंधरवडाभर राहून त्याने गिझर बदलला होता, पोळ्यांना बाई लावली होती, दारात कठडा बसवून घेतला होता. आम्ही तिघं स्टेशनवर गेलो. दिल्लीची गाडी आली. मुकुंदा वाकून पाया पडला. काकांनी त्याचा हात सोडला नाही आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी ये. जास्त दिवस ये." तो हो म्हणाला. मग डब्याच्या दारात चढला आणि माझ्याकडे वळला.

"विजूताई, तुम्ही बाबांसाठी जे करून राहिल्या आहात, मी तिकडे असताना, त्यासाठी मी खरंच तुमचे..."

काकांनी छत्रीचं टोक वर केलं. आयुष्यभर ज्याचे त्याचे आभार मानत आलेला तो माणूस भर प्लॅटफॉर्मवर मुलावर ओरडला.

"चूप! तिचे कसले आभार मानतोस? घरची आहे ती."

गाडी हलली. मी काकांचा हात धरला आणि आम्ही टेम्पो बघायला बाहेर आलो.